नदी, नृत्य आणि उपासना : सीमाभागातून एक विचार

आपल्या धर्मग्रामांतील कार्यक्रमांत नदी दाखवावयाची झाली की दोन मुली निळ्या साडीची दोन टोके धरून उभ्या राहतात, साडी खालीवर हलवितात आणि मागून ध्वनिमुद्रित संगीत सुरू होते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाल्यापासून अशा कार्यक्रमांची संख्या पुष्कळ वाढली आहे. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. सृष्टीविषयी कृतज्ञता शिकवावी, ती केवळ प्रवचनातून न शिकविता अंगविक्षेपांतून शिकवावी, हा विचार स्तुत्यच आहे. परंतु निपाणीजवळच्या एका गावी असाच एक कार्यक्रम पाहत असता, येशूच्या यार्देन नदीतील स्नानाचा प्रवेश संपल्यावर, मागच्या बाकावर बसलेल्या एका वृद्ध स्त्रीने मला विचारले, “फादर, पोरींच्या हातात साडी हाय. पाणी कुटं हाय?”

ही बाई ख्रिस्ती नाही. नात आमच्या शाळेत शिकते म्हणून ती आली होती. तारुण्यात तिच्या गळ्यात यल्लम्माचे दर्शन बांधलेले होते आणि कित्येक वर्षे तिने डोक्यावर जग घेऊन सौंदत्तीच्या वाऱ्या केल्या होत्या. मी त्या वेळी हसून विषय टाळला. पुढे मात्र तिचा प्रश्न मला सोडीना. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा एक अपुरा प्रयत्न आहे.

उपासनेतील नृत्याविषयी ख्रिस्तसभेची भूमिका वाचकांना सर्वसाधारणपणे परिचित आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानात निरनिराळ्या लोकांच्या संस्कृतीशी उपासनाविधी जुळवून घेण्यास वाट मोकळी केली. १९६९ साली भारतासाठी मान्य झालेल्या बारा मुद्द्यांत आसन, अंजली, पंचांग प्रणाम, आरती यांना स्थान मिळाले. नृत्याला मिळाले नाही. १९७५ मध्ये रोमहून प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात पाश्चात्त्य समाजात उपासनेत नृत्य आणू नये, मात्र ज्या समाजांत नृत्य हे धर्मभावनेचेच अंग आहे तेथे वेगळा विचार करावा, असे म्हटले आहे. आपला समाज या दोहोंपैकी कोणता, याचे उत्तर देण्याचे आपण आजवर टाळले आहे.

कलेच्या क्षेत्रात मात्र धाडस झाले. मुंबईच्या ज्ञान आश्रमाचे फादर जॉर्ज प्रोक्श यांची नृत्यनाट्ये १९६४ च्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय पवित्र मिस्सा परिषदेच्या वेळी सादर झाली. पुढे फ्रान्सिस बार्बोझा यांनी भरतनाट्यमचा रीतसर अभ्यास करून ख्रिस्ती आशयासाठी नवे हस्त योजले. ही कामगिरी मोलाची आहे. तरीही शास्त्रीय नृत्यात नदी येते ती संकेताने. ‘अभिनयदर्पणा’त पताकहस्ताचे जे विनियोग सांगितले आहेत त्यांत नदीचाही उल्लेख आहे. म्हणजे पसरलेला तळहात विशिष्ट रीतीने हलविला की जाणकार प्रेक्षकाने नदी समजावयाची. हा संकेत सुंदर आहे, आणि निळ्या साडीपेक्षा कितीतरी प्रौढ आहे. पण साडी काय किंवा पताक काय, दोन्ही ठिकाणी नदी पाहिली जाते आणि दाखविली जाते. त्या वृद्धेच्या प्रश्नाचा रोख या दाखविण्यावरच होता.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, दोन नद्यांचा उगम एकमेकींपासून फार दूर नाही. कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वळून खानापूर, सौंदत्ती, रामदुर्ग असा प्रवास करीत कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. त्याच तालुक्यातील देगावच्या परिसरात म्हादई जन्म घेते, पश्चिमेकडे उतरते आणि गोव्यात मांडवी या नावाने अरबी समुद्रास मिळते. एका डोंगररांगेवरचा पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो. पूर्वेकडील पाण्याच्या काठी यल्लम्माचा डोंगर आहे आणि पश्चिमेकडील पाण्याच्या प्रदेशात सांव जांवचा, म्हणजे संत योहान बाप्तिस्ताचा, सण आहे. दोन्हीकडे माणसे नाचतात आणि दोन्हीकडे नाचाचा संबंध पाण्याशी आहे. नाचांची जात मात्र वेगळी आहे. या भेदातच आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे असे मला वाटते.

प्रथम जोगतिणीचा नाच. निपाणीच्या उत्तरेकडील गावांतून मार्गशीर्षात आणि माघात सौंदत्तीला जाणाऱ्या वाऱ्या वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा अशा एकामागून एक नद्या ओलांडीत मलप्रभेकाठी पोचतात. डोंगर चढण्यापूर्वी जोगुळभावीला स्नान करावयाचे असते. चौंडके, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीवर जोगतीण नाचते. डोक्यावर जग असतो, म्हणजे देवीचा मुखवटा, मोरपिसे आणि वस्त्रे यांनी सजविलेली टोपली किंवा घागर. हाताचा आधार न देता तो तोलावयाचा असतो. म्हणून या नाचात शरीराचे दोन भाग होतात. मानेच्या वर सारे स्तब्ध. कमरेच्या खाली सारे चंचल. पाऊल उंच उचलले जात नाही, ते जमिनीला घासून पुढे जाते. गिरकी येते ती सावकाश, कारण नजर स्थिर ठेवणे भाग असते. चौंडक्याची लय चढली तरी खांद्यांना तिचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. या नाचात एकही हस्त नदीचा नाही, आणि तरीही ज्याने आपल्या खेड्यांतील बायकांना नदीवरून किंवा विहिरीवरून पाणी आणताना पाहिले आहे त्याला ही चाल ओळखता येते. चुंबळीवर घागर, घागरीवर कळशी, घाटाच्या ओल्या पायऱ्या, आणि एका थेंबाचीही नासाडी होऊ नये म्हणून आखडलेले पाऊल. जोगतिणीचा नाच म्हणजे हीच चाल, तालात धरलेली.

कथाही तेच सांगते. महाभारताच्या वनपर्वात जमदग्नीची पत्नी रेणुका स्नानास जाते, चित्ररथ राजाची जलक्रीडा तिच्या दृष्टीस पडते, तिचे मन विचलित होते, आणि पित्याच्या आज्ञेवरून परशुराम तिचा शिरच्छेद करतो. पुढे त्याच्याच विनंतीने ती जिवंत होते. लोककथेने या कथेत एक विलक्षण भर घातली. रेणुका रोज नदीच्या वाळूची घागर घडवी, सापाची चुंबळ करी आणि त्या कच्च्या घागरीतून पाणी आणी. तिच्या पातिव्रत्याने वाळू एकत्र राही. ज्या दिवशी तिची नजर ढळली त्या दिवशी घागर घडेना. आणखीही एक भेद आहे: काही पाठांत देवीचे मस्तक एकीचे आणि धड दुसरीचे, मातंगीचे, होते. डोक्यावर देवीचा मुखवटा घेऊन नाचणारी स्त्री हे सारे एकदम वाहत असते, घागर, नजरेची शिस्त आणि तुटलेले मस्तक. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात रेणुका-यल्लम्मेचा विचार भूदेवीच्या अंगाने केला आहे, आणि रेणू म्हणजे मातीचा कण हे ध्यानात घेता तो पटण्याजोगा आहे. परंतु त्यांच्या विवेचनातील भूदेवी निश्चल आहे. वारुळासारखी एका जागी बसलेली आहे. नाचातली देवी चालते, आणि पाणी घेऊन चालते. मला तिचा हा चालण्याचा अंश अधिक महत्त्वाचा वाटतो.

‘नृत्यामुळे मनुष्य निसर्गाशी जोडला जातो’ असे आजकाल सर्रास म्हटले जाते. जोगतिणीचा नाच या विधानाला होकार देतो, पण त्यातील गोडवा काढून घेतो. येथे नदीशी असलेले नाते आनंदविहाराचे नाही. ते कामाचे आहे आणि कसोटीचे आहे. नदी पाणी देते, आणि ते घरी नेणाऱ्या बाईची परीक्षाही घेते. निळ्या साडीच्या नदीला वजनच नसल्यामुळे ती कोणाची परीक्षा घेऊ शकत नाही.

एवढे म्हणून थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. या नाचात एक सत्य आहे आणि त्या सत्याच्या गळ्यात एक असत्य बांधलेले आहे. पाणी जड असते हे सत्य. घागर बाईच्या शुद्धतेवर टिकते हे असत्य. त्या असत्यापायी या प्रदेशातील, विशेषतः दलित कुटुंबांतील, किती मुली देवीला सोडल्या गेल्या आणि पुढे त्यांचे काय झाले, हे निपाणी-गडहिंग्लज-संकेश्वर भागातील कोणत्याही धर्मगुरूला नव्याने सांगावयास नको. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला बांगड्या फोडावयाच्या आणि माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा भरावयाच्या, हा विधी पाहताना अंगावर काटा येतो, कारण जिला खरा पती कधी मिळणारच नाही तिला प्रतिवर्षी वैधव्य मात्र मिळते. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना १९३४ चा कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ साली अधिक कडक कायदा केला. दोन्ही आवश्यक होते. अलीकडे या नाचाला रंगमंच आणि सन्मान लाभला आहे. मंजम्मा जोगती यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यापूर्वी २०१९ मध्ये त्या कर्नाटक जनपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, आणि समाजाने झिडकारलेल्या जोगप्पांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. तरी रंगमंचावरील नाचात घागर डोक्यावरून पडली तर प्रेक्षक हळहळतील, एवढेच. रेणुकेच्या घागरीचा अर्थ त्याहून भयंकर होता, आणि तो विसरून केलेले कौतुक मला अर्धवट वाटते.

या ठिकाणी शुभवर्तमानातील एक बारकावा मला नेहमी थांबवितो. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री विहिरीवर पाणी भरावयास येते. तिच्या चारित्र्याविषयी गाव काय म्हणत असेल ते येशूच्या शब्दांतूनच सूचित होते. संभाषणाच्या शेवटी ती आपली घागर तेथेच टाकून गावात जाते. ती घागर भरली होती की नाही, हे शुभवर्तमानकार सांगत नाही. तिच्या शुद्धतेची कसोटी घागरीवर घेतली जात नाही, एवढे निश्चित. रेणुकेच्या कथेवर ख्रिस्ती माणसाला जे म्हणावयाचे आहे ते या एका कृतीत आले आहे. आपल्या मंडळ्यांनी जोगतिणींच्या लेकींना घागर खाली ठेवा असे सांगितले, ते योग्यच केले. पण त्यांच्या पावलांचे काय करावयाचे, हे सांगितले नाही. शोमरोनी स्त्री घागर टाकून धावत गेली असावी असे मी समजतो. आपण मात्र त्यांना बाकावर बसविले.

आता डोंगराच्या पश्चिमेस उतरू. २४ जूनला, पावसाचा जोर धरलेला असताना, गोव्यातील ख्रिस्ती लोक डोक्यावर फुलापानांची कोपेलां घालून घुमट आणि कांसाळी वाजवीत, संताचा जयघोष करीत गावातून फिरतात आणि विहिरींत, ओहोळांत, तळ्यांत उड्या घेतात. शिवोलीला होड्या सजवून सांगड काढतात. त्या वर्षी लग्न झालेल्या जावयाचा सासुरवाडीत विशेष मान असतो. या उड्यांचा अर्थ लोक लूककृत शुभवर्तमानातून लावतात: मारियेचे अभिवादन ऐकताच एलिझाबेथच्या उदरातील बालकाने उडी मारली. गावकऱ्यांचे हे विवरण ऐकून विद्वानांनी स्मित करावे असे काही नाही. लूकने येथे जे ग्रीक क्रियापद योजले आहे तेच क्रियापद सत्तरींच्या ग्रीक भाषांतरातील एका स्तोत्रात आढळते. इस्राएल मिसरातून निघाल्यावर समुद्र पळाला, यार्देन मागे हटली आणि डोंगर मेंढ्यांप्रमाणे बागडले, असे वर्णन असणारे हे स्तोत्र आपल्या गणतीत ११४ वे आहे. डोंगरांच्या बागडण्याचा आणि अजात योहानाच्या उडीचा शब्द एकच. ज्या योहानाने पुढे यार्देनच्या पाण्यात उभे राहून लोकांना स्नानसंस्कार दिला, तो पाणी दिसण्यापूर्वीच, उदकातच, नाचला. सांव जांवच्या दिवशी विहिरीत उडी घेणारा कुणबी या स्तोत्राचे भाष्य आपल्या अंगाने लिहीत असतो.

नृत्य म्हणून पाहिले तर हा प्रकार ओबडधोबड आहे. त्यात जोगतिणीच्या मानेची साधना नाही. मद्याचा अतिरेक आहे, आणि धर्मगुरूंनी त्याबद्दल कानउघाडणी केली आहे ती वाजवी आहे. परंतु येथेही नदी दाखविली जात नाही. पाण्यात स्वतःला टाकावे लागते. क्षणभर पायांखाली जमीन नसते. पूर्वेकडील नाच पाणी वाहून नेतो आणि पश्चिमेकडील नाच पाण्याच्या स्वाधीन होतो. वाहून नेणाऱ्या प्रामुख्याने बायका आहेत आणि उडी घेणारे परंपरेने पुरुष, हेही नजरेआड करता येत नाही. अलीकडे स्त्रियाही विहिरीत उतरू लागल्या आहेत, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. मिशनऱ्यांनी आणि धर्मचौकशीने गोव्यातील लोकाचारांचे काय केले ते सर्वश्रुत आहे. १७३६ च्या फर्मानाने लग्नविधींतील कितीतरी देशी चालींवर बंदी आणली. तरीही विहिरीतली उडी टिकली. संताच्या नावाने केलेली उडी नाकारणे धर्माधिकाऱ्यांना जड गेले असावे, असा माझा तर्क आहे.

एक साम्य येथे मनात आल्यावाचून राहत नाही, जरी त्यावर फार भार देणे मला प्रशस्त वाटत नाही. बाप्तिस्ता योहानाचे मस्तक एका नाचाच्या मोबदल्यात तबकात ठेवले गेले. रेणुकेचे मस्तक एका नजरेच्या मोबदल्यात उतरविले गेले. दोन्ही पाणवठ्यांवरच्या कथा रक्तात संपतात. चौथ्या शतकात नाझियानझसचे संत ग्रेगरी यांनी सम्राट जूलियनला उद्देशून लिहिले होते की नाचावयाचेच असेल तर हेरोदियेच्या कन्येसारखे नव्हे, दावीदासारखे नाचावे. पुढे ५८९ साली तोलेदोच्या परिषदेने संतांच्या सणांतील नाचांवर बंदी घातली. ख्रिस्तसभेचे मन या दोन नाचांमध्ये आजवर हिंदकळत राहिले आहे.

दावीदाचा उल्लेख आला की आपण मीखलेला दोष देऊन मोकळे होतो. कराराचा कोश नगरात येत असता राजा नाचला. तिने खिडकीतून पाहिले आणि मनात त्याचा तिरस्कार केला. सेमिनरीत असताना आम्हां विद्यार्थ्यांनाही तिच्यात नाचाला विटलेल्या कर्मठ मनाचे प्रतीक दिसे. पण त्याच ग्रंथात थोडे मागे जाऊन पाहावे. दावीदाने तिला पाल्टियेलापासून हिसकावून आणविले, आणि तो तिच्या मागे रडत चालत आला. ज्या स्त्रीच्या वाट्याला हे आले तिला राजाचा आनंद सहन झाला नाही, तर तिच्या तिरस्कारात इतिहासही आहे. नाचाला विरोध करणारे सारेच अरसिक नसतात. काहींना जुनी जखम असते. या मुद्द्याचे कारण पुढे येईल.

पाणी कुठे आहे, या प्रश्नाचा आज एक निराळाही अर्थ झाला आहे. कळसा आणि भांडुरा या म्हादईच्या उपनाल्यांचे पाणी मलप्रभेत वळविण्याची योजना गेली काही दशके दोन राज्यांत वादाचा विषय आहे. म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्यात कर्नाटकास १३.४२ टीएमसी पाणी मिळाले. त्यात कळसा आणि भांडुरा मिळून ३.९ टीएमसी मलप्रभेत वळविण्यासाठी आहे. कणकुंबीला खोदलेला कालवा ज्यांनी पाहिला आहे त्यांना स्तोत्रातील मागे हटणारी यार्देन आठवावी, यात नवल नाही. मात्र येथे नदीला वळविणारे हात परमेश्वराचे नाहीत. नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्याची तहान खोटी नाही आणि गोव्यातील माणसाची, तसेच भीमगडच्या अरण्याची, चिंताही खोटी नाही. कोणाची बाजू न्याय्य, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्या प्रदेशात पाण्याच्या प्रत्येक टीएमसीसाठी माणसे रस्त्यावर उतरतात, ज्या प्रदेशात २०१९ आणि २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढले, त्या प्रदेशातील उपासनेत नदी निळ्या नायलॉनची असणे हे विनोदी नसून खेदजनक आहे.

या विचाराने मी गतवर्षी पास्काच्या जागरणविधीत एक लहानसा बदल करून पाहिला. त्या रात्री पाणी आशीर्वादित करण्याचा विधी असतो. ते पाणी नळाचे न आणता, गावातील सहा मुलींनी नदीवरून घागरी भरून आणाव्या, हलगीच्या संथ ठेक्यावर मंदिराच्या दारापासून स्नानकुंडापर्यंत चालत याव्या, आणि ओताव्या, असे ठरविले. वेगळे नृत्य बसविलेले नव्हते. मी मुलींना एवढेच सांगितले की घागर डोक्यावर असेल तशी चाला. पहिल्या तालमीत तिघींचे पाणी सांडले आणि मधली वाट ओली झाली. चौथीचे पाऊल मात्र असे पडले की हलगी वाजविणारा मुलगा तिच्याकडे पाहत आपोआप लय धरू लागला. माझ्या मनाजोगते काहीतरी घडत होते.

दुसऱ्या दिवशी त्या चौथ्या मुलीची आई मला भेटावयास आली. तंबाखूच्या वखारीत काम करणारी, मोजके बोलणारी बाई. ती उभीच राहिली. म्हणाली, “फादर, माझ्या आत्तीनं डोक्यावर घेतलं. तिच्या आत्तीनं घेतलं. आता माझ्या पोरीच्या डोक्यावर देवळात काय ठेवू नका.” मी तिला सांगू लागलो की ही घागर जगाची नव्हे, स्नानसंस्काराच्या पाण्याची आहे, शोमरोनी स्त्रीचे उदाहरणही माझ्या जिभेवर आले होते. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारले, “तिनं घागर टाकली म्हंता न्हवं तुम्ही परवचनात?”

तालमी चालू राहिल्या. शनिवारी रात्री मुली दारातून आत आल्या तेव्हा घागरी त्यांच्या कमरेवर होत्या, एका हाताने वेढलेल्या. त्यामुळे चाल एका अंगाला कलती झाली होती आणि हलगीचा ठेकाही त्या मुलाला बदलावा लागला होता. मागच्या बाकावर ती वृद्धा नातीसोबत बसली होती. पाणी कुंडात पडल्याचा आवाज झाला तेव्हा तिने मान वर केली.